पाणी पसरलं, तरी प्रथिन चिकटलं: रबाळ्यातल्या एका युनिटचं प्रकरण

रबाळे एमआयडीसीतल्या त्या युनिटमध्ये मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मालकांनी टेबलावर एक छोटी ट्यूब आडवी ठेवली, तिच्या झाकणावर ड्रॉपरनं पाण्याचा थेंब सोडला आणि म्हणाले, "बघा सर, कसं सपाट पसरतंय. आधी मोत्यासारखा गोल राहायचा. आणि ही माणसं म्हणतात, तुमचा माल पहिल्यापेक्षा वाईट!"

थेंब खरोखरच पसरला होता. तक्रारही खरीच होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे शोधायला मला पाच आठवडे लागले, आणि त्यातला पहिला दीड आठवडा मी चुकीच्या वाटेवर घालवला.

युनिट लहान. चार इंजेक्शन मोल्डिंग मशीन, त्यातल्या दोनांवर दीड मिलिलिटरच्या पॉलिप्रॉपिलीन ट्यूबा. प्रयोगशाळेत या ट्यूबेला सगळे एपेनडॉर्फच म्हणतात, बनवणारा कोणी का असेना. महाप्यात निदान किट तयार करणारी एक कंपनी या ट्यूबांची नेहमीची गिऱ्हाईक. तिथल्या मॅडमनी विचारलं होतं, प्रथिन कमी चिकटेल अशी ट्यूब देता येईल का? मालकांच्या कुठंतरी वाचनात आलं होतं की प्लास्टिक पाण्याला दूर ठेवतं म्हणून प्रथिनं त्याला चिकटतात, आणि प्लाझ्मा, म्हणजे विजेनं आयनित केलेला वायू, फिरवला की प्लास्टिक पाण्याला जवळ करतं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. त्यांनी चाकणकडून एक जुनं प्लाझ्मा चेंबर उचललं. गाडीच्या प्लास्टिक भागांवर रंग धरावा म्हणून ते तिथं वापरात होतं. आकार मोठ्या वॉशिंग मशीनएवढा, १३.५६ मेगाहर्ट्झचा जनरेटर, खाली रोटरी पंप. त्यात ट्यूबा भरल्या, हवेचा प्लाझ्मा दिला, झाकणावर थेंब पसरला, माल गेला.

परत आलेल्या तक्रारी दोन होत्या आणि त्यांचा आपसात मेळ बसत नव्हता. एका संप्रेरकाच्या पातळ नमुन्यासाठी नव्या ट्यूबेनं काही फरकच पडला नव्हता. दुसऱ्या, अँटिबॉडीच्या संदर्भ नमुन्यात मात्र नुकसान वाढलं होतं. साध्या ट्यूबेतून दहातले सहा भाग परत मिळायचे, प्लाझ्मावाल्या ट्यूबेतून जेमतेम चार.

एवढीशी ट्यूब इतकं प्रथिन गिळते कसं, हा प्रश्न मालकांनी मला विचारला आणि तो रास्त होता. त्यांची इतर गिऱ्हाइकं याच ट्यूबा वर्षानुवर्षं वापरत होती, कोणाची कुरकुर नव्हती. मी त्यांच्याच वहीत हिशेब मांडला. ट्यूबेत अर्धा मिलिलिटर द्रव भरला, तर तो खालचा निमुळता भाग आणि त्याच्या वरची थोडी भिंत ओली करतो. ते क्षेत्रफळ साधारण ३ चौरस सेंटिमीटर. अँटिबॉडीचा एकच थर भिंतीवर दाटीनं बसला तर चौरस सेंटिमीटरला दोनेकशे नॅनोग्रॅम सहज मावतात. म्हणजे भिंतीची भूक ६०० नॅनोग्रॅमची. मॅडमचा नमुना मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरात सगळे मिळून १०. भिंतीला ते तोंडी लावायलाही पुरत नाहीत. रक्ताच्या द्रवात नुसतं अल्ब्युमिनच मिलिलिटरला ३५ ते ५० मिलिग्रॅम असतं. त्यातून ६०० नॅनोग्रॅम गेले काय आणि राहिले काय. म्हणून बाकीचे गप्प होते.

चिकटण्याच्या या प्रकाराला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण, इथं प्लास्टिकच्या आत काही जात नाही, सगळा कारभार पृष्ठभागावर. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे नुसते कार्बन आणि हायड्रोजन. त्याला लागून असलेल्या पाण्याच्या रेणूंना धरायला तिथं कोणी नसतं, म्हणून ते आपसात शिस्तीत उभे राहतात. प्रथिन येतं, आपले तेलकट भाग प्लास्टिककडे वळवतं, आणि ते पाणी मोकळं होतं. मोकळ्या पाण्यात अव्यवस्था जास्त, आणि निसर्गाचा कल तिकडेच. प्रथिन मग हळूहळू उलगडून भिंतीवर पसरतं आणि परत निघायचं नाव घेत नाही.

महाप्याच्या पहिल्या बैठकीत थोडी गंमत झाली. मालक "आमचा प्लाझ्मा", "प्लाझ्माची वेळ वाढवू" असं बोलत होते आणि मॅडमच्या हाताखालची नवी मुलगी गोंधळून म्हणाली, "पण आपण तर सीरम वापरतो ना?" तिच्या डोळ्यापुढं रक्ताचा प्लाझ्मा होता. मुलीचा गोंधळ अगदीच अस्थानी नव्हता. आयनित वायूला प्लाझ्मा हे नाव अर्व्हिंग लँगम्युर यांनी १९२८ मध्ये दिलं, आणि रक्तातला प्लाझ्मा जसा पेशी वाहून नेतो तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, या साम्यावरून त्यांना ते सुचलं, असं त्यांच्या एका सहकाऱ्यानं पुढे लिहून ठेवलं आहे.

आता माझी चूक. पहिल्या दिवशी गोडाऊन पाहिलं आणि मी मनात निदान करून टाकलं. जुलै महिना, वर पत्र्याचं छप्पर, खोके महिनाभर पडलेले. प्लाझ्मानं पृष्ठभागावर आणलेले ध्रुवीय, म्हणजे पाण्याला धरणारे, गट तिथंच राहतात असं नाही. पॉलिप्रॉपिलीनचा काच-संक्रमण बिंदू शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याखाली, म्हणजे आपल्या हवेत त्याच्या साखळ्या वळवळायला मोकळ्या असतात. त्या हळूहळू फिरून ध्रुवीय गट आत घेतात, आतला तेलकट भाग बाहेर येतो. सिलिकोन रबरात हे काही तासांत दिसतं, इथं दिवस-आठवडे लागतात, पण उष्णतेनं वेग वाढतो. मी छातीठोकपणे सांगितलं, माल जुना झाला, प्लाझ्मा उतरला. मग सकाळी प्लाझ्मा दिलेल्या ट्यूबा त्याच दुपारी महाप्याला पाठवल्या. निकाल तसाच. किंबहुना थोडा जास्तच वाईट. प्लाझ्मा उतरल्यामुळे नुकसान होत असतं, तर ताज्या ट्यूबेत ते कमी दिसायला हवं होतं.

त्या दिवशी एक काम मात्र बरं झालं. पंपाच्या खिडकीतून तेल पाहिलं, ते साधं खनिज तेल होतं, आणि कोपऱ्यात ऑक्सिजनचा नवा सिलिंडर उभा. "हवेपेक्षा शुद्ध ऑक्सिजननं चांगलं होईल ना?" मालकांनी विचारलं. शुद्ध ऑक्सिजन खनिज तेलाच्या पंपातून ओढणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. त्यासाठी ऑक्सिजनशी न झगडणारं फ्लोरिनयुक्त तेल लागतं, आणि ते महाग असतं. सिलिंडर त्याच संध्याकाळी परत गेला.

दर चाचणीला महाप्याची वाट पाहायची तर दिवाळी उजाडली असती. युनिटमध्येच करता येईल असं काहीतरी हवं होतं. ब्रॅडफर्डसारखी नेहमीची प्रथिन-चाचणी नॅनोग्रॅमच्या पातळीवर आंधळी असते. मग ईलायझाची, म्हणजे एन्झाइमच्या रंगावरून अँटिबॉडी ओळखणाऱ्या चाचणीची, युक्ती उचलली. पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी ट्यूबेत भरायची, दोन तास ठेवायची, ओतून द्यायची, तीनदा बफरनं, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणानं, धुवायची आणि मग टीएमबी हे एन्झाइमनं निळं होणारं रसायन घालायचं. भिंतीला जेवढी अँटिबॉडी चिकटून राहिली असेल तेवढा निळा रंग चढतो. डोळ्यांनी दिसतं, आकडा हवा असेल तर गंधकाम्ल घालून पिवळं करायचं आणि ४५० नॅनोमीटरला मोजायचं. मोल्डिंगचे फोरमन काका वयानं मोठे, रसायनाचं नाव काढलं की चार पावलं मागे सरणारे. त्यांनीच हे काम हातात घेतलं, कारण रंग ओळखण्यात त्यांची नजर पक्की. मास्टरबॅचमधला, म्हणजे प्लास्टिकमध्ये घालायच्या रंगाच्या दाण्यांमधला, उन्नीस-बीसचा फरक ते ट्यूबलाइटखाली सांगतात.

पहिल्याच रॅकमध्ये साध्या ट्यूबा फिकट निळ्या, प्लाझ्मावाल्या गडद. पण काकांना दुसरंच काही दिसलं. "सर, हा रंग सारखा नाहीये. झाकण बघा. झाकण अगदी शाईसारखं झालंय, बूड तर साध्या ट्यूबेसारखंच."

आम्ही ट्यूबा ब्लेडनं उभ्या चिरल्या आणि आतल्या भिंतीवर एक एक मायक्रोलिटरचे थेंब ठेवून मोबाइलच्या मॅक्रो लेन्सनं स्पर्शकोन काढले, म्हणजे थेंबाची कड भिंतीशी करते तो कोन. थेंब जितका पसरट, तितका कोन लहान. साध्या पॉलिप्रॉपिलीनवर पाण्याचा कोन १०० अंशांच्या आसपास असतो. प्लाझ्मानंतर झाकणावर ४० च्या घरात, तोंडाशी ६०, आणि बुडाशी ९० च्या वर. ट्यूब ९ मिलिमीटर रुंद, ३७ मिलिमीटर खोल. प्लाझ्मात तयार झालेले ऑक्सिजनचे अणू त्या बोळात शिरेपर्यंत भिंतीवर आपटून संपत होते. इतके दिवस सगळ्यांनी थेंब झाकणावरच ठेवला होता. साधं कारण, सपाट जागा तेवढीच. मीसुद्धा पहिल्या दिवशी तेच पाहून मान डोलावली होती.

पण नमुना जर बुडाशी असतो आणि बूड कोरंच राहिलं, तर अँटिबॉडीचं नुकसान वाढलं का? हे कोडं मॅडमच्या बाकाशेजारी उभं राहिल्यावर सुटलं. संप्रेरकाची ट्यूब त्या स्टँडमध्ये उभी ठेवत. वाळवलेली अँटिबॉडी मात्र बफर घातल्यावर नीट विरघळावी म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये रोटेटरवर उलटी-सुलटी फिरत असे. म्हणजे ३ नव्हे, आतली सगळी ९ चौरस सेंटिमीटर भिंत आणि झाकण ओलं होत होतं. उभ्या ट्यूबेतल्या संप्रेरकाला प्लाझ्मा भेटलाच नाही. अँटिबॉडीला रात्रभर भेटत राहिला.

आणि तो प्लाझ्मा चांगला नव्हता, हे या प्रकरणातलं मुख्य. हवेचा प्लाझ्मा पॉलिप्रॉपिलीनच्या वरच्या काही नॅनोमीटरांत हायड्रॉक्सिल, कार्बोनिल आणि कार्बोक्सिल गट रोवतो. पाण्याला ते आवडतात, थेंब पसरतो. पण कार्बोक्सिल उदासीन बफरमध्ये ऋणभारित होतो, आणि अँटिबॉडीवर धनभारित पट्टे भरपूर असतात. तेलकट ओढ कमी झाली, तिच्या जागी विद्युत ओढ आली. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं सोन्यावर निरनिराळे रेणूथर बसवून २००१ मध्ये जी लक्षणं मांडली, ती अशी: प्रथिन नाकारणारा पृष्ठभाग ध्रुवीय असतो, हायड्रोजन बंध स्वीकारतो पण देत नाही, आणि त्यावर निव्वळ विद्युतभार नसतो. थेंबाला फक्त पहिलं लक्षण कळतं. आमची ट्यूब पुढच्या दोन्हींत नापास.

मालकांना हे पटेना. शेवटी मी मॅडमकडून ईलायझाची एक जास्त प्रथिन धरणारी प्लेट मागून आणली आणि तिच्या खाचांवर तोच निळा रंग करून दाखवला. सगळ्यात गडद ती. "ही पॉलिस्टायरीनची असते. प्रथिन घट्ट बसावं म्हणून तिच्यावर किरणं नाहीतर प्लाझ्मा देऊन हेच ऑक्सिजनचे गट मुद्दाम आणतात. पेशी वाढवायच्या डिशलाही असंच करतात, पेशी चिकटाव्यात म्हणून." मालक बराच वेळ प्लेट हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी उलट्या गिऱ्हाइकाला माल विकतोय."

सर्वांत स्वस्त इलाज प्लास्टिकमध्ये नव्हताच. बफरमध्ये ०.१ टक्का बोवाइन अल्ब्युमिन किंवा ०.०५ टक्के ट्वीन २० हे साबणासारखं द्रव्य घाला, भिंत आधी त्यांनीच भरून जाते. संप्रेरकासाठी मॅडमनी हे त्याच आठवड्यात केलं आणि ती तक्रार संपली. मला वाटतं, अशा दहांपैकी आठ तक्रारी इथंच संपाव्यात, आणि ट्यूब विकणाऱ्यानं तसं सांगायला लाजू नये. अँटिबॉडीचं तसं नव्हतं. तो नमुना पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे तुकडे वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजला जातो. अल्ब्युमिन घातलं तर त्याच्या तुकड्यांच्या गर्दीत अँटिबॉडी हरवते, ट्वीन घातलं तर संकेतच दबतो. तिथं भिंतच बदलणं भाग होतं.

भिंतीला हवी होती पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारखी इथर साखळी, म्हणजे कार्बनांच्या मध्ये ऑक्सिजन गुंफलेली: ध्रुवीय, भाररहित, हायड्रोजन बंध फक्त घेणारी, भोवती पाण्याचा जाड थर धरून ठेवणारी. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात बडी रॅटनर यांच्या गटानं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेट्राग्लाइम या द्रवाच्या वाफेचा प्लाझ्मा करून असाच थर प्लास्टिकवर बसवला होता. म्हणजे चेंबर तेच, फक्त हवेच्या जागी वाफ, आणि गट रोवण्याऐवजी लेप चढवायचा. डायग्लाइम जास्त सहज उडतं, त्यानं काम सोपं झालं असतं. पण ते प्रजननक्षमतेला घातक मानलं जातं, आणि त्या शेडमध्ये पॅकिंगला सात-आठ तरुण बायका बसतात. तो विषय मी पहिल्याच वाक्यात संपवला. टेट्राग्लाइमही प्रजननक्षमतेला घातक मानलं जातं, पण ते २७५ अंशांना उकळतं, खोलीच्या तापमानात त्याची वाफ नावालाच. बाटली गरम करायची, नळीलाही गरम पट्टी गुंडाळायची, नाहीतर वाफेचा वाटेतच पुन्हा द्रव होतो. सुरक्षेसाठी पंपाचा धूर थेट बाहेर नेला, आणि बाटली हाताळायची ती हातमोजे घालूनच.

पहिला लेप पिवळट आणि कडक आला. काकांनी निळा रंग केला, तो साध्या ट्यूबेपेक्षाही गडद. शक्ती जास्त झाली होती. प्लाझ्मा जोरात चालवला की टेट्राग्लाइमचा रेणू चिरडला जातो, इथर बंध तुटतात, उरतं ते ऑक्सिडलेल्या कार्बनचं जाळं. नमुने पवईला एक्स-किरण फोटोइलेक्ट्रॉन तपासणीला दिले, पृष्ठभागावरचा कार्बन कशाशी बांधलेला आहे ते तिच्यात कळतं. इथर कार्बनचं शिखर २८६.५ इलेक्ट्रॉन व्होल्टला येतं, ते खुरटलेलं होतं, आणि साध्या हायड्रोकार्बनचं २८५ चं शिखर डोकं वर काढून उभं.

मग शक्ती अगदी खाली आणली. रंग उत्तम, ट्यूब जवळजवळ स्वच्छ. आम्ही पेढे आणायचे तेवढे बाकी होतो. पण महाप्याहून फोन आला. "सर, तुमची ट्यूब आमच्या स्पेक्ट्रममध्ये बोलतेय," मॅडम म्हणाल्या. ४४-४४ च्या अंतरानं शिखरांची शिडी दिसत होती. एथिलीन ऑक्साइडच्या एका एककाचं वस्तुमान ४४. लेप नीट जाळीबद्ध झाला नव्हता, सुटे तुकडे द्रवात उतरत होते. निळ्या रंगाच्या चाचणीत हे कळणं शक्य नव्हतं, कारण आम्ही धुऊन झाल्यावर रंग करतो आणि धुण्यात जे गेलं ते गेलं.

या दोन टोकांमध्ये जागा फार अरुंद आहे. कमी शक्तीत इथर टिकतात पण लेप टिकत नाही, जास्त शक्तीत लेप टिकतो पण इथर टिकत नाहीत. त्यात बुडाचा प्रश्न उभाच होता, वाफ तोंडाशीच खर्च होऊन खाली पातळ लेप बसत होता. जनरेटरवर स्पंदाची सोय होती, चाकणवाल्यांनी ती कधी वापरलीच नव्हती, बटणावर रंगाचा ठिपका सुकून बसलेला. प्लाझ्मा क्षणभर चालू, मग त्याच्या कितीतरी पट वेळ बंद. बंद असताना ताजी वाफ ट्यूबेच्या तळापर्यंत उतरते, आणि तयार झालेले क्रियाशील तुकडे न चिरडता एकमेकांना जोडले जातात. त्याआधी थोडा वेळ आर्गॉनचा प्लाझ्मा, पॉलिप्रॉपिलीनवर लेपाला पकड मिळावी म्हणून. पहिला पातळ थर सलग प्लाझ्मानं जरा घट्ट, वरचा स्पंदानं मऊ. ट्यूबा तारेच्या टोपलीत ओतायचं बंद केलं. झाकण उघडं, तोंड वर, रॅकमध्ये उभ्या. एका खेपेला आधीच्या पावपट माल निघू लागला. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण बोलले नाहीत.

नव्या ट्यूबा बफरमध्ये ३७ अंशांना तीन दिवस भिजवून मग तपासल्या. निळा रंग झाकणापासून बुडापर्यंत सारखाच फिकट. महाप्याला रात्रभर फिरवलेल्या अँटिबॉडीचे दहातले नऊहून जास्त भाग परत मिळाले आणि शिडी दिसली नाही. स्पर्शकोन किती होता? ५० च्या आसपास. मालकांच्या जुन्या, झाकणावर सपाट पसरणाऱ्या थेंबापेक्षा हा थेंब चांगलाच उभा होता.

आता युनिटमध्ये लेपाची ट्यूब फक्त त्या एका गिऱ्हाइकासाठी बनते. प्रत्येक लॉटमधल्या पाच ट्यूबा काका चिरतात, पाच निळ्या करतात, आणि रॅक खिडकीत पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून ठेवतात, कारण त्यांच्या मते रंग दिवसाउजेडीच बघावा.

गेल्या महिन्यात मॅडमनी विचारलं, हीच ट्यूब गॅमानं निर्जंतुक करून मिळेल का? वैद्यकीय वस्तूंना गॅमा किरण देणारा ट्रॉम्बेचा आयसोमेड प्लँट १९७४ मध्येच सुरू झालेला, तेव्हा सोय जवळच आहे. पण गॅमानं पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ व्हायची भीती, आणि इथर साखळ्या तर हवेच्या सोबतीनं ऑक्सिडायला टपलेल्याच असतात. म्हणजे जे कार्बोक्सिल गट आम्ही एवढ्या खटपटीनं टाळले, तेच मागच्या दारानं यायचे. मालकांनी तरी काही ट्यूबा हवेऐवजी नायट्रोजन भरलेल्या पिशव्यांत बंद केल्या, काही तशाच ठेवल्या, आणि २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रेसाठी पाठवल्या. दोन्ही गठ्ठे परवा परत आले. काकांनी टीएमबीची बाटली फ्रिजमधून काढायला सांगितली आहे, सोमवारी सकाळी ऊन पडलं की सुरू करू म्हणाले.